दोषसिद्ध व्यक्तीची आर्थिक दायित्वे व नागरी हक्क

फौजदारी न्यायालयाने दोषी ठरवलेल्या व्यक्तीवर येणारे दंड-भरपाईचे ओझे आणि शिक्षेमुळे तिच्या नागरी हक्कांवर पडणारी बंधने.

भिवंडीत हा प्रश्न पुष्कळदा चेकच्या वाटेने कोर्टात येतो. यंत्रमागाचा धंदा उधारीवर चालतो. सुताच्या गाठींपोटी दिलेला पुढच्या तारखेचा चेक वटला नाही, की परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 खाली नोटीस निघते आणि ती मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे न दिल्यास खटला उभा राहतो. शिक्षा 2 वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. 2018च्या दुरुस्तीनंतर अपील न्यायालय दोषी व्यक्तीला दंडाच्या वा भरपाईच्या किमान 20 टक्के रक्कम भरायला लावू शकते. दंड थकल्यास जादा कैद होते. मात्र ती भोगली म्हणजे देणे फिटले, असे नाही. त्यानंतरही भरपाई वसूल करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने कुमारन खटल्यात (2017) ठरवले. दोषी मरण पावला तरी दंडासाठी त्याची मालमत्ता मोकळी होत नाही. दंड भरण्याची ऐपत नसलेल्या कैद्यासाठी केंद्राच्या 2023च्या योजनेत 25,000 रुपयांपर्यंत मदतीची सोय आहे.

थकलेल्या दंडाचा मताधिकाराशी भारतात संबंध नाही. अमेरिकेतील फ्लोरिडात 2019च्या कायद्याने शिक्षेतील दंड व भरपाई फेडल्याशिवाय मताधिकार परत मिळत नाही. आपल्याकडे आड येतो तो तुरुंगाचा दरवाजा. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951च्या कलम 62(5) नुसार तुरुंगात वा पोलीस कोठडीत असलेल्याला मत देता येत नाही. प्रतिबंधक स्थानबद्ध तेवढा अपवाद. त्यामुळे शिक्षा होऊनही जामिनावर असलेला मत देतो आणि जामिनाची रक्कम न जमलेला कच्चा कैदी देऊ शकत नाही. ही विसंगती समर्थनीय नाही, पण 1997मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले.

निवडणूक लढवण्याचा नियम कडक आहे. 2 वर्षे वा अधिक कैद झाल्यास दोषसिद्धीपासून सुटकेनंतर 6 वर्षांपर्यंत अपात्रता राहते. अपील केल्याने आमदार-खासदारांना मिळणारे संरक्षण लिली थॉमस निकालाने (2013) संपवले. राहुल गांधींवर भिवंडीत चाललेला, 2014मधील भाषणाबद्दलचा बदनामीचा खटला या कारणाने चर्चेत आला : बदनामीची कमाल शिक्षा नेमकी 2 वर्षे आहे. त्यांनी 2018मध्ये आरोप नाकारला. महापालिकेच्या नगरसेवकपदासाठी अपात्रतेचे नियम महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात वेगळे दिले आहेत.

तुरुंगवासामुळे मतदार यादीतले नाव जात नाही. सुटल्यानंतरच्या निवडणुकीत मत देता येते.