लिस्बनची वास्तुशैली

पोर्तुगालच्या राजधानीत मध्ययुगापासून घडत गेलेली बांधकामपरंपरा. 1755 च्या भूकंपाने तिचे सरळ दोन भाग पाडले.

1147 मध्ये अफोन्सो एन्रिकेश याने मुसलमान राज्यकर्त्यांकडून शहर जिंकले आणि मशिदीच्या जागी से कॅथेड्रल उभे राहू लागले. (‘से’ म्हणजे बिशपचे पीठ, जुन्या गोव्यातल्या कॅथेड्रलच्या नावातला ‘से’ हाच.) जाड भिंती आणि दोन बुटके बुरूज यांमुळे ते देवळापेक्षा गढीच अधिक वाटते. त्यामागचा गॉथिक ओवऱ्यांचा चौक नंतरचा.

पहिला मानुएल (कारकीर्द 1495–1521) याच्या काळात गॉथिक सांगाड्यावर पिळाचे दोर, गाठी, पोवळी आणि खगोलगोल कोरले जाऊ लागले. ही मानुएलीन शैली. हे नाव मात्र एकोणिसाव्या शतकातले. बेलेम येथील जेरोनिमोस मठाचे काम सोळाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाले. त्याच्या खर्चासाठी आफ्रिका आणि पूर्वेकडील व्यापाराच्या उत्पन्नातला सुमारे विसावा हिस्सा लावून दिला होता. म्हणजे त्या नक्षीत पूर्वेच्या व्यापाराचाही पैसा आहे. जवळच्या बेलेम बुरुजावर एका कोठीखाली गेंड्याचे झिजलेले शिल्प दिसते. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क याला दिलेला गेंडा गोव्याहून 1515 मध्ये लिस्बनला पोहोचला होता. हे शिल्प त्याचेच मानतात. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चच्या दारावर याच शैलीची कोरणी आहे.

बरोक काळातले सांता एंग्रासिया चर्च 1682 मध्ये सुरू होऊन 1966 मध्ये पुरे झाले. मारुतीच्या शेपटासारख्या लांबणाऱ्या कामाला पोर्तुगीज आजही ‘सांता एंग्रासियाचे काम’ म्हणतात.

1 नोव्हेंबर 1755 रोजी भूकंप, समुद्राच्या लाटा आणि आग यांत शहराचा मध्यभाग गेला. पुढे पोंबालचा मार्क्विस झालेल्या मंत्र्याने पुनर्रचना हाती घेतली. आखणीची सूत्रे ऐंशीच्या घरातल्या मानुएल द माया या लष्करी अभियंत्याकडे होती. एउजेनियो दुश सांतुश आणि कार्लुश मार्देल हे त्याचे सहकारी. बायशा भागात काटकोनात रस्ते आखले, सोनार आणि चांदीकार यांना वेगळ्या गल्ल्या दिल्या, दर्शनी भाग एकसारखे आणि जवळजवळ अलंकारहीन ठेवले. खरे वैभव गिलाव्याच्या आत आहे : ‘गायोला’ म्हणजे पिंजरा. उभी, आडवी आणि फुलीसारखी तिरपी लाकडे जोडून केलेला हा सांगाडा दगडविटांनी भरतात. हादरा बसला की लाकूड लवते, आणि भराव गळून पडला तरी मजले तोलून धरते. नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून चाचणी घेतली, असे सांगतात. चिखलट जमिनीत पायाखाली लाकडी खुंट ठोकले. घरांमधल्या भिंती आग अडवण्यासाठी छपराच्या वर नेल्या. पोंबालीन शैलीला रुक्ष म्हणणाऱ्यांनी तिची पारख बहुधा रस्त्यावर उभे राहूनच केलेली असते.

भूकंपानंतर कार्मो मठाचे चर्च बिनछपराचे राहिले, ते आजही तसेच आहे. एकोणिसाव्या शतकात घरांच्या दर्शनी भिंतींवर आझुलेजो फरशा आल्या आणि रोसियो स्थानकाने मानुएलीन नक्षी नव्याने पांघरली. 1902 चा लोखंडी सांता जुस्ता उद्वाहक बायशा भागाला वरच्या कार्मोशी जोडतो. 1988 च्या आगीत शियादो भाग जळाला, तेव्हा आल्वारो सिझा याने जुने दर्शनी भाग राखून आतली रचना नव्याने केली. 1998 च्या जागतिक प्रदर्शनासाठी सांतियागो कालात्रावा याने ओरिएंते स्थानकाला पोलाद आणि काचेचे झाडांसारखे छत दिले.

मधल्या काळात बायशातल्या अनेक घरांत दुकानांना जागा करण्यासाठी खालच्या भिंती आणि खांब काढले गेले, वर मजले चढवले गेले. बाहेरून घर तेच दिसते. पिंजऱ्याची लाकडे मात्र कुठे कुठे तुटलेली आहेत.