पोथीचे पान आणि समासातील अंक

मराठीत कागदाच्या पृष्ठाला आणि झाडाच्या पर्णाला ‘पान’ हा एकच शब्द आहे, आणि संस्कृतातील ‘पत्र’ या शब्दाची गोष्टही तशीच आहे. लेखनासाठी ताडपत्रे वापरली जात तेव्हा दीर्घ ग्रंथ पानापानांत विभागणे ही लेखकाची निवड नव्हती, कारण झाडाचे पान जेवढे लांब-रुंद तेवढ्याच ओळी त्यावर मावत. पानांना भोक पाडून त्यांतून दोरा ओवला जाई आणि त्या दोऱ्यानेच ग्रंथ एकत्र राही. पुढे दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आणि जुन्नरास हातकागद तयार होऊ लागला, तरी पोथीने ताडपत्राचा आडवा घाट सोडला नाही. दोरा मात्र गेला आणि पाने सुटी झाली.

या सुटेपणातूनच पोथीलेखनाची खरी शिस्त घडली. खळ देऊन घोटलेल्या कागदावर बोरूने लिहिणारा लेखक, म्हणजे नकलाकार, पानाच्या चारही बाजूंना कोरी जागा राखी. तिलाच समास म्हणतात. पानाच्या मागच्या बाजूस, डाव्या समासात वरच्या अंगाला ग्रंथाचे संक्षिप्त नाव आणि त्याखाली पानाचा अंक, तर उजव्या समासात खालच्या अंगाला पुन्हा तोच अंक आणि पुष्कळदा त्याच्यावर ‘राम’ यासारखे एखादे मंगल नाव, अशी देवनागरी पोथ्यांची सर्वसाधारण रीत होती. एकच अंक दोनदा लिहिण्यामागे मोठा विचार दिसतो, कारण पानांचे कोपरे झिजतात, वाळवी कडेपासून खात येते, आणि एका बाजूचा अंक नाहीसा झाला तरी दुसऱ्या बाजूचा उरतो. संक्षिप्त नावाचा उपयोगही असाच होता: एकाच रुमालात, म्हणजे पोथ्या बांधण्याच्या कापडात, चार ग्रंथांची पाने मिसळली, तरी प्रत्येक पान आपण कोणत्या ग्रंथाचे आणि कितवे हे स्वतःच सांगू शकत असे.

अंक पान सांभाळी, पण अर्थ सांभाळण्याचे काम त्याच्याकडे नव्हते. पोथीतील मजकूर शब्दांत अंतर न ठेवता सलग लिहिला जाई, आणि पान संपे तेथे वाक्यच काय, शब्दही मध्येच तुटे. नवा अध्याय नव्या पानावर सुरू करण्याचाही नियम नव्हता. अध्याय संपल्याची खूण पुष्पिकेने, म्हणजे ग्रंथाचे व अध्यायाचे नाव सांगणाऱ्या समाप्तिवाक्याने होई, आणि ते उठून दिसावे म्हणून त्यावर बऱ्याचदा गेरूचा लाल हात फिरवलेला असे. चुकीच्या अक्षरांवर पिवळा हरताळ फासून त्यावर नवे अक्षर लिहीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार या व्यवहारातूनच भाषेत आला. अशा रीतीने पोथीत दोन विभागण्या एकमेकींना न अडवता चालत: एक कागदाची, दुसरी आशयाची. नक्कल करताना कागदाची विभागणी बदले, कारण नव्या पानावर ओळी कमी-अधिक बसत. अध्याय आणि ओव्यांचे अंक मात्र प्रतीबरोबर पुढे जात. सुमारे ९००० ओव्यांच्या ज्ञानेश्वरीतील स्थळ पानाने न सांगता अध्याय व ओवी यांनी सांगितले जाते, त्याचे कारण हेच.

गुरुचरित्राच्या सप्ताहाने यात तिसरी विभागणी आणली, ती वाचणाऱ्याच्या दिवसाची. रूढ क्रमांपैकी एकात पहिल्या दिवशी ९ व्या, दुसऱ्या दिवशी २१ व्या, तिसऱ्या दिवशी २९ व्या अध्यायापर्यंत वाचन होते आणि पाचव्या दिवशी अवघे तीनच अध्याय, ३६ ते ३८, येतात. म्हणजे येथे माप अध्यायांच्या संख्येचे नसून त्यांच्या लांबीचे आणि एका बैठकीत होणाऱ्या वाचनाचे आहे.

दप्तरातील मोडी कागदांची रीत याहून वेगळी होती. मजकूर लांबला की कागदाला कागद चिकटवून लांब पट्टी केली जाई आणि अखेरीस मोर्तब, म्हणजे लेखन येथे संपले असे दर्शवणारी लहान मुद्रा उमटवली जाई, जेणेकरून तिच्याखाली कोणी ओळ वाढवू नये. दप्तराला भीती मजकूर वाढवला जाण्याची होती आणि पोथीला पान हरवण्याची, त्यामुळे दोघांची साधने निराळी झाली.

शिळाछपाई मुंबईत आली तेव्हा पोथीचा घाट मोडला नाही, ही या इतिहासातील विशेष समाधानाची बाब म्हटली पाहिजे. दगडावर हस्ताक्षर जसेच्या तसे उतरत असल्याने गणपत कृष्णाजींसारख्या मुद्रकांच्या काळात सुट्या पानांच्या पोथ्या छापून निघाल्या, आणि खिळ्यांची छपाई रूढ झाल्यावरही समासातील नाव व अंक कायम राहिले. शिवलेल्या पुस्तकात पाने सुटी होण्याचे भय उरले नाही, तेव्हा ही दुहेरी खूण हळूहळू मागे पडली.

जुन्या नकलाकारांनी ग्रंथाच्या शेवटी तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून पोथी राखण्याची विनंती वाचणाऱ्यास केलेली पुष्कळदा आढळते. ती सर्वत्र पाळली गेली नाही, आणि म्हणून हस्तलिखितांच्या सूचीत अपूर्ण पोथीची नोंद करताना कोणती पाने आहेत आणि कोणती नाहीत हे आजही लिहावे लागते. ते ठरवण्याचा पहिला आधार नकलाकाराने समासात घातलेला अंक हाच असतो.