भरतपूरच्या पाण्यावर

नोव्हेंबरमधल्या एका सकाळी राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात मी नावेत बसलो. नावाड्याने लांब बांबू तळाला टेकवला आणि नाव पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींमधून सरकू लागली. डोक्यावर चित्रबलाकांची घरटी. वाटले, निसर्गाने किती सवडीने हे घडवले असेल!

पण हे पाणी माणसाने आणलेले आहे. अठराव्या शतकात राजा सूरजमलच्या काळी अजान बांध झाला. पुढे संस्थानिकांनी या सखल जागेत पाणी खेळवले, ते बदकांच्या शिकारीसाठी. केवलादेवाच्या देवळाजवळ शिकारीचे आकडे दगडावर कोरलेले आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात, व्हाइसरॉय लिनलिथगो पाहुणे असताना, ४,२७३ पक्षी मारले गेले.

पुढे बंदुका थांबल्या. १९८२ मध्ये गुरांच्या चराईवरही बंदी आली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांचा गोळीबार झाला, माणसे मेली. हे सारे पक्ष्यांच्या भल्यासाठी! पण म्हशी गेल्या आणि पाणगवत माजले, उघडे पाणी आक्रसले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने अनेक वर्षे अभ्यास केला, तेव्हा उलगडा झाला, की गवत आटोक्यात ठेवत होत्या त्या म्हशीच.

परतताना आमची नाव गवतात अडली. नावाडी बांबूने वाट मोकळी करू लागला. मला त्या गावकऱ्यांची आठवण झाली. एखादी जागा राखायची, तर कुंपण घालण्याआधी तिथे कोण काय करत होते, हे विचारायला नको का?