गूळ, साखर आणि दातांची कीड

कृष्णा-कोयनेच्या संगमावर वसलेले कराड हे उसाच्या पट्ट्यातील शहर. रेठरे बुद्रुकचा कृष्णा सहकारी साखर कारखाना याच तालुक्यातला, तर सांगलीची पेठ गूळ व हळदीसाठी नामांकित. अशा भागात ‘दात साखरेने किडतात, गुळाने नव्हे’ ही समजूत रुजलेली असावी, यात नवल नाही. मात्र ती खरी नाही. गुळातही प्रमुख घटक सुक्रोज हीच शर्करा असते आणि चिकटपणामुळे गूळ दातांच्या फटींत अधिक काळ राहतो.

मग जुन्या पिढीतील अनेकांचे दात म्हातारपणापर्यंत कसे टिकले? याचे उत्तर गोडाच्या प्रकारात नसून ते किती वेळा खाल्ले जाते यात आहे. शर्करा मिळाली की दातांवरील थरातील जिवाणू आम्ल निर्माण करतात आणि दाताच्या कवचातील खनिजे विरघळू लागतात. लाळ हे आम्ल निवळवते. पण त्यास साधारण अर्धा तास लागतो. ज्वारीची भाकरी, कालवण, कांदा अशी दोन-तीन वेळची जेवणे आणि पोळी-पेढ्यांचे गोड सणावारी, या क्रमात लाळेला पुरेसा अवधी मिळे. भाकरी चावावी लागत असल्याने लाळही भरपूर सुटे. आज गोड चहा, बिस्किटे, चॉकलेट, शीतपेये असे दिवसभर थोडे थोडे चालू असते. स्वीडनमधील विपेहोल्म येथे १९४५ नंतर झालेल्या प्रयोगांत हेच दिसले : जेवणासोबतच्या साखरेपेक्षा मधल्या वेळी खाल्लेल्या चिकट टॉफीने कीड फार वाढली. (मतिमंद रुग्णांवर झालेले हे प्रयोग नैतिकदृष्ट्या निंद्य ठरले, हेही सांगितले पाहिजे.)

जुने ते सारेच सोने नव्हते. भाजलेल्या तंबाखूची मिश्री हिरड्यांना घासण्याची सवय खेड्यांतील स्त्रियांत सर्रास होती व अजूनही आढळते. तिने हिरड्या झिजतात, मुखाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ‘दात साफ होतात’ हा निव्वळ भ्रम.

सर्वाधिक हानी मुलांची होते. रात्री साखरेच्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळाचे वरचे पुढचे दात प्रथम किडतात. ‘दुधाचेच दात, पडणारच’ म्हणून त्यांकडे दुर्लक्ष होते. पुढे सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ती येताना कोणताही दात पडत नाही. त्यामुळे पालक तिलाही दुधाचीच समजतात आणि आयुष्यभर पुरायची दाढ काही वर्षांतच पोखरली जाते. या दाढेच्या खाचा वेळीच संरक्षक लेपाने बुजविता येतात. त्यासाठी सहाव्या-सातव्या वर्षी मुलाला दंतवैद्याकडे नेऊन आणावे. दुखण्याची वाट पाहू नये. फ्लोराइडयुक्त पेस्ट तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढीच द्यावी आणि रात्री दात घासल्यावर पाण्याखेरीज काहीही देऊ नये, गुळाचा खडादेखील नाही.