ससा, खार आणि कायदा : ब्रिटनमधील ‘उपद्रवी’ प्राण्यांची शिकार

उत्तर अमेरिकेच्या शेतशिवारात ग्राउंडहॉग या बिळे खोदणाऱ्या प्राण्याचे जे स्थान आहे, ते ब्रिटनमध्ये सशाचे आहे. शेतकऱ्याच्या लेखी तो पिकांचा शत्रू, नेमबाजाच्या लेखी वर्षभर उपलब्ध असणारी शिकार आणि स्वयंपाकघरात स्वस्त, बिनचरबीचे मांस. सशाच्या जोडीला राखाडी खार, वुडपिजन हे जंगली कबूतर, कावळा, मॅगपाय आणि उंदीर येतात. या साऱ्यांना इंग्रजीत ‘व्हर्मिन’ असे एकच नाव आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात शिकार जवळपास संपुष्टात आणली. त्यामुळे तेथून आलेल्या वाचकाला ब्रिटनमधील मोकळीक आश्चर्याची वाटते. प्रत्यक्षात ती बरीच मर्यादित आहे. प्राणी कोणता, या प्रश्नाबरोबरच जमीन कोणाची, हत्यार कोणते आणि मारण्याचे कारण काय, हे तीन प्रश्न येथील कायदा विचारतो. शिवाय ‘उपद्रवी’ हा शिक्का कायम एकाच प्राण्यावर राहिलेला नाही. १५६६ च्या कायद्यानुसार पॅरिशकडून साळिंदरासारखे काटे असलेल्या छोट्या हेजहॉगमागे दोन पेन्स बक्षीस मिळत असे. आज तोच हेजहॉग संरक्षित आहे आणि लोक त्याच्यासाठी बागेच्या कुंपणाला भोके ठेवतात.

मेजवानीपासून फाशीपर्यंत

ससा मूळचा ब्रिटनचा नाही. स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पातील हा प्राणी नॉर्मन राजवटीत, साधारण बाराव्या शतकात, येथे मांस आणि कातड्यासाठी पाळला जाऊ लागला. त्याच्यासाठी राखलेल्या जागांना ‘वॉरन’ म्हणत. नॉरफोकमधील थेटफर्ड येथे १४०० च्या सुमारास बांधलेली वॉरन रखवालदाराची दगडी गढी अजून उभी आहे. एका सशासाठी गढी बांधावी लागे, यावरून त्याची किंमत आणि चोरीची भीती, दोन्ही लक्षात येतात.

ससे मारण्याचा हक्क जमीनदार आणि मठांकडे होता. १३८१ च्या शेतकरी उठावात सेंट ऑल्बन्सच्या बंडखोरांनी एक ससा शहरातील खोड्याच्या खांबावर टांगला. वॉरनवरचा मठाचा मक्ता संपला, अशी ती जाहीर खूण होती. उठाव चिरडला गेला. १३९० मध्ये कायदा आला आणि वर्षाला ४० शिलिंगांपेक्षा कमी उत्पन्नाची जमीन असलेल्या सामान्य माणसाला शिकारी कुत्रे, फेरेट आणि जाळी बाळगण्यास बंदी झाली. १७२३ च्या ‘ब्लॅक ॲक्ट’ने तर वेशांतर करून वॉरनमधील ससे चोरणे हा मृत्युदंडाचा गुन्हा ठरवला. तो कायदा जवळपास शंभर वर्षे टिकला.

या इतिहासाचे प्रतिबिंब महाराष्ट्रातही दिसते. ससे धरण्यासाठी वाघूर लावणे, तितरांसाठी फासे मांडणे हे ज्यांचे पिढीजात कसब, त्या फासेपारध्यांना ब्रिटिश राजवटीने गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली नोंदवले. तो शिक्का १९५२ मध्ये कायद्याने पुसला गेला आणि पुढे वीस वर्षांत शिकारच बेकायदा ठरली. गरिबाच्या ताटातील सशाकडे सत्ता चोरी म्हणून पाहते, हा अनुभव दोन्हीकडे सारखाच आहे.

कुळाचा हक्क

इंग्लंडमध्ये चित्र पालटले ते १८८० च्या ‘ग्राउंड गेम ॲक्ट’ने. तोवर ससे कुळाचे पीक खात आणि शिकारीचा हक्क मात्र जमीनमालकाचा असे. नव्या कायद्याने जमीन कसणाऱ्याला ससे मारण्याचा असा हक्क दिला, जो करारात काहीही लिहून घेतले तरी काढून घेता येत नाही. कूळकायद्याची परंपरा ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

१९५० च्या सुमारास ब्रिटनमध्ये सहा ते दहा कोटी ससे असावेत, असा अंदाज केला जातो. युद्धकाळात मांसाचे रेशनिंग असताना ससा रेशनबाहेर होता आणि असंख्य घरांत तो शिजे. मग १९५३ मध्ये केंटमध्ये मिक्सोमॅटोसिस या विषाणूजन्य रोगाचा शिरकाव झाला. आदल्या वर्षी फ्रान्समध्ये एका निवृत्त वैद्यकाने स्वतःच्या इस्टेटीवर तो मुद्दाम सोडला होता. काही वर्षांत ब्रिटनमधील नव्वद टक्क्यांहून अधिक ससे मेले. डोळे सुजून आंधळे झालेले ससे रस्तोरस्ती दिसल्याने लोकांची या मांसावरची वासना उडाली, ती पूर्वीसारखी परत आलीच नाही.

१९५४ च्या ‘पेस्ट्स ॲक्ट’ने रोग मुद्दाम पसरवणे गुन्हा ठरवले आणि त्याच वेळी सशांचे नियंत्रण हे जमीन वापरणाऱ्याचे कर्तव्य केले. लंडनची सिटी, सिली बेटे आणि स्कोकहोम बेट वगळता सारे इंग्लंड व वेल्स आजही ‘ससे-निर्मूलन क्षेत्र’ आहे.

आजचे नियम : जमीन, हत्यार, कारण

प्रथम शब्दाचा खुलासा हवा. ब्रिटिश इंग्रजीत ‘हंटिंग’ म्हणजे प्रामुख्याने कुत्र्यांच्या साहाय्याने पाठलाग आणि ‘शूटिंग’ म्हणजे बंदुकीने शिकार. इंग्लंड व वेल्समध्ये २००४ च्या ‘हंटिंग ॲक्ट’ने कुत्र्यांनी वन्य सस्तन प्राण्यांची शिकार बंद केली. कोल्ह्यांवरून झालेल्या या वादात ससे आणि उंदीर मात्र जमीनमालकाच्या परवानगीच्या अटीवर वगळले गेले. लांब कानांचा, बीळ न करणारा ‘हेअर’ या सवलतीत येत नाही. मराठीत दोघांनाही ससा म्हणतात आणि महाराष्ट्राच्या माळावर दिसतो तो हेअरच्याच कुळातला असतो. हा फरक न कळणे येथे महागात पडू शकते.

जमिनीबाबत नियम स्पष्ट आहे. ब्रिटनमध्ये मालक नसलेली जमीन जवळपास नाही. शेतातून जाणारी सार्वजनिक पाऊलवाट चालण्याचा हक्क देते, बंदूक चालवण्याचा देत नाही. परवानगीविना हत्यार घेऊन दुसऱ्याच्या जमिनीत जाणे हा १९६८ च्या ‘फायरआर्म्स ॲक्ट’खाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि एअरगनही त्यात धरली जाते. परवानगी लेखी घेणे म्हणूनच शहाणपणाचे.

शॉटगनसाठी पोलिसांकडून मिळणारे, पाच वर्षे चालणारे प्रमाणपत्र लागते. रायफलसाठी वेगळे प्रमाणपत्र असते आणि ती नेमकी कशासाठी हवी, हे पटवून द्यावे लागते. अर्जदाराच्या डॉक्टरकडून आरोग्याची माहिती मागवली जाते. इंग्लंड व वेल्समध्ये १२ फूट-पाउंडांपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. स्कॉटलंडमध्ये २०१६ च्या अखेरीपासून तो लागतो आणि उत्तर आयर्लंडमध्ये नियम आणखी कडक आहेत. लंडनमध्ये कायदेशीर असलेली एअर रायफल एडिंबराला नेताना हे विसरून चालत नाही. व्हिसावर राहणाऱ्यांसाठी जोखीम दुहेरी असते, कारण गुन्ह्याची नोंद पुढे नागरिकत्वाच्या अर्जातही तपासली जाते.

कारणाचा प्रश्न पक्ष्यांबाबत निर्णायक ठरतो. १९८१ च्या ‘वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्ट’ने सर्व जंगली पक्ष्यांना संरक्षण दिले आहे. वुडपिजन मारता येतो तो केवळ सर्वसाधारण परवान्याच्या अटींनुसार, म्हणजे पिकाचे गंभीर नुकसान टाळण्यासाठी आणि अन्य उपाय पुरे पडत नसतील तर. मौज किंवा मांस हे कारण त्यात बसत नाही. कायदेशीर रीतीने मारलेला पक्षी मात्र खाता येतो, विकताही येतो. २०१९ मध्ये ‘वाइल्ड जस्टिस’ या संस्थेच्या कायदेशीर आव्हानानंतर इंग्लंडमधील असे परवाने अचानक मागे घेतले गेले आणि नवे काढावे लागले.

बागेतील खार

शहरी वाचकाचा संबंध येतो तो राखाडी खारीशी. ही अमेरिकन खार १८७६ मध्ये चेशरमधील हेन्बरी पार्क येथे शोभेसाठी सोडली गेली. आज तिची संख्या सुमारे २७ लाख मानली जाते. ती झाडांची साल सोलते आणि मूळच्या लाल खारीला घातक असा विषाणू पसरवते. १९५० च्या दशकात सरकारने शेपटीमागे शिलिंगाचे बक्षीस ठेवून पाहिले. खारी कमी झाल्या नाहीत आणि योजना गुंडाळली गेली.

येथे सद्भावनेतून होणारी चूक ध्यानात ठेवावी. पिंजऱ्यात सापडलेली राखाडी खार उद्यानात नेऊन सोडणे बेकायदा आहे. पकडली तर तिला वेदनारहित मारावे लागते, आणि पाण्यात बुडवणे हा क्रूरतेचा गुन्हा आहे. हे जमणार नसेल तर पिंजरा लावूच नये. उंदरांसाठीचे चिकट सापळेही इंग्लंडमध्ये जुलै २०२४ पासून सामान्य नागरिकाला वापरता येत नाहीत. वेल्सने ते त्याआधीच बंद केले.

फेरेट, जाळे आणि हंडी

सशाच्या शिकारीची जुनी पद्धत अजून जिवंत आहे. हिवाळ्यात बिळांच्या तोंडांवर पिशवीसारखी छोटी जाळी लावतात आणि आत फेरेट सोडतात. मुंगसाच्या अंगलटीचा हा पाळीव प्राणी आत शिरताच ससे बाहेर उसळतात आणि जाळ्यात अडकतात. बंदुकीचा आवाज नाही, मांसात छर्रे नाहीत. अडकलेल्या प्राण्याला क्षणात मारण्याचे कौशल्य मात्र हवे, कारण पकडलेल्या प्राण्याला पशुकल्याण कायद्याचे संरक्षण मिळते.

मारलेल्या सशाचे पोट लवकर साफ करतात आणि यकृत तपासतात. त्यावर पांढरे ठिपके असणे हे रोगाचे लक्षण होय. मांसात चरबी नसल्याने ते मोठ्या आचेवर कोरडे पडते. इंग्रजी घरांत म्हणून ते सायडरमध्ये मंद शिजवतात किंवा पायमध्ये घालतात, आणि गावरान रस्सादेखील त्याला मानवतो. शॉटगनने मारलेल्या मांसात शिशाचे कण राहू शकतात. लहान मुले आणि गर्भवतींनी असे मांस टाळावे किंवा कमीत कमी खावे, असा अन्न मानक संस्थेचा सल्ला आहे. शिशाच्या छर्ऱ्यांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणण्याचा निर्णय सरकारने २०२५ मध्ये जाहीर केला.

कमी झालेला ससा

मिक्सोमॅटोसिसनंतर पुन्हा वाढलेले ससे १९९० च्या दशकापासून दुसऱ्या एका विषाणूजन्य रक्तस्रावी रोगाने घटत गेले. देशव्यापी पाहण्यांनुसार १९९६ नंतर त्यांची संख्या निम्म्याहून खाली आली. ससे गवत खुरटे ठेवतात आणि त्या खुरट्या गवतावर अनेक जीव जगतात. ‘लार्ज ब्लू’ हे फुलपाखरू १९७९ मध्ये ब्रिटनमधून नाहीसे झाले. ससे मेल्याने गवत वाढले आणि त्याच्या अळ्यांना पोसणाऱ्या मुंग्या संपल्या, हे त्याचे प्रमुख कारण होते. पुढे ते स्वीडनहून आणून पुन्हा वसवावे लागले.

स्पेन-पोर्तुगालमध्ये, आपल्या मूळ प्रदेशात, ससा २०१९ पासून संकटग्रस्त प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. थेटफर्डच्या गढीभोवतीच्या ब्रेकलँड भागात निसर्गसंरक्षक आता फांद्यांचे ढीग रचून आणि मातीचे बांध घालून सशांना आसरा देत आहेत. १९५४ चा कायदा मात्र रद्द झालेला नाही. त्यामुळे त्याच परगण्यात एका कुंपणाच्या आत ससा वाढवण्याचे प्रयत्न चालतात आणि पलीकडच्या शेतकऱ्यावर त्याला आवर घालण्याचे कर्तव्य कायम आहे.