‘लूझिंग माय रिलिजन’ : पंख, बाण आणि गर्दी

अमेरिकेतील आर.ई.एम. या रॉक वाद्यवृंदाचे ‘लूझिंग माय रिलिजन’ हे गीत १९९१ साली ‘आउट ऑफ टाइम’ या संग्रहातून प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी एमटीव्हीच्या पुरस्कार सोहळ्यात त्याच्या चित्रफितीने सर्वोत्कृष्ट चित्रफितीच्या बहुमानासह सहा पुरस्कार मिळविले. शीर्षकाचा शब्दशः अर्थ ‘माझा धर्म हरवत चालला आहे’ असा होतो. चित्रफितीत तर बाणांनी विद्ध झालेला संत, आकाशातून पडलेला पंखधारी वृद्ध आणि भारतीय देवदेवतांची आठवण करून देणाऱ्या आकृती दिसतात. त्यामुळे ही कलाकृती म्हणजे धर्मत्यागाचा जाहीरनामा होय, असा समज अनेक वर्षे टिकून राहिला. तो कितपत ग्राह्य आहे, हे पाहण्यासाठी गीत आणि चित्रफीत यांचा स्वतंत्रपणे विचार करावा लागतो.

शीर्षकाचा खरा अर्थ

आर.ई.एम.ची स्थापना १९८० साली जॉर्जिया राज्यातील अथेन्स या गावी झाली. अमेरिकेच्या या दक्षिण भागात ‘धर्म हरवणे’ हा बोलीतील वाक्प्रचार असून संयम सुटणे, सहनशक्ती संपणे असा त्याचा अर्थ आहे. आपल्याकडे ‘यात काही राम उरला नाही’ असे म्हणणारा मनुष्य रामभक्तीविषयी बोलत नसतो, तसाच हा प्रकार. गीतकार व गायक मायकल स्टाइप यांनीही हे गीत एकतर्फी आसक्तीविषयी असल्याचे सांगितले आहे. मनातील भावना बोलून दाखवावी की दडवावी, बोललो ते फार झाले की अपुरे पडले, अशा घालमेलीत सापडलेल्या माणसाचे ते स्वगत आहे. धर्मचिकित्सा त्यात नाही.

दिग्दर्शकाची भर

चित्रफितीतील धार्मिक प्रतिमासृष्टी दिग्दर्शक तरसेम सिंग यांची आहे. १९६१ साली जालंधर येथे जन्मलेल्या तरसेम यांनी कॅलिफोर्नियात कलाशिक्षण घेतले. काही भारतीय चित्रपटांत आढळणारी भावोत्कट, स्वप्नवत शैली त्यांना येथे आणावयाची होती. अंधारलेली खोली, खिडकीबाहेरचा पाऊस आणि फुटणारे दुधाचे भांडे हा प्रारंभ आंद्रेई तारकोव्हस्की यांच्या ‘द सॅक्रिफाइस’ (१९८६) या चित्रपटाचे स्मरण करून देतो. प्रकाश आणि काळोख यांचा तीव्र विरोध कारावाज्जिओ या इटालियन चित्रकाराकडून आला आहे. झगमगीत देवचित्रांची धाटणी पिएर आणि जिल या फ्रेंच कलावंतद्वयाशी नाते सांगते. त्या द्वयावर भारतीय लोकप्रिय देवचित्रांचा प्रभाव आहे. म्हणजे आपल्या दिनदर्शिकांवरील देव फ्रान्सला वळसा घालून अमेरिकी रॉक संगीतात पोहोचले, असे म्हणावयास हरकत नाही.

तीन आकृती, एक सूत्र

यातील तीन प्रमुख आकृती एकत्र पाहिल्यास त्यांमागील समान सूत्र ध्यानात येते.

पहिली आकृती संत सेबास्टियन यांची. परंपरेनुसार ते रोमन सैन्यात होते व त्यांनी आपली ख्रिस्तनिष्ठा गुप्त ठेवली होती. ती उघड होताच सम्राट डायोक्लेशियनच्या आज्ञेने त्यांना बांधून त्यांच्यावर बाण सोडण्यात आले. बाण सोडणारे त्यांचेच गणवेशधारी सहकारी होते, ही गोष्ट येथे महत्त्वाची ठरते.

दुसरी आकृती पंखधारी वृद्धाची. तिचे मूळ गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांच्या ‘प्रचंड पंख असलेला अतिशय म्हातारा माणूस’ या आशयाच्या शीर्षकाच्या कथेत आहे. त्या कथेत अंगणात पडलेल्या वृद्धाला खुराड्यात कोंडले जाते आणि त्याला पाहण्यासाठी पैसे आकारले जातात. त्याला लॅटिन, म्हणजे देवाची भाषा, समजत नाही म्हणून धर्मगुरू त्याच्याविषयी शंका घेतात. देवदूत दारी आला, तरी तो आपल्या कल्पनेतील देवदूतासारखा असावा, ही लोकांची अट असते.

तिसरी आकृती संत थॉमस यांची. पुनरुत्थित ख्रिस्ताच्या जखमेत बोट घातल्याखेरीज विश्वास ठेवणार नाही, असे म्हणणारा हा शिष्य कारावाज्जिओने सतराव्या शतकाच्या आरंभी रंगविला. चित्रफितीत जखम चाचपणारी बोटे दिसतात, ती या चित्राची आठवण देतात. हेच थॉमस पुढे केरळात आले, अशी तेथील ख्रिस्ती परंपरेची श्रद्धा आहे.

तिघांच्याही प्रसंगात वेगळ्या ठरलेल्या देहाला इतरांनी टोचणे, चाचपणे, तपासणे हा समान धागा आहे. सोव्हिएत भित्तिचित्रांतील कामगारांसारख्या आकृतींचा अर्थही या संदर्भात उलगडतो. एका ठशातून निघाल्यासारख्या वाटणाऱ्या त्या श्रमिकांमुळे धर्मपीठ आणि राज्यसत्ता शेजारी येऊन बसतात. चारचौघांसारखे असण्याचा आग्रह दोन्हींकडे सारखाच असू शकतो, असे त्यातून सुचविले जाते.

अर्थ लावताना

या वाचनाला मर्यादा आहेत, हेही नमूद केले पाहिजे. तरसेम यांनी अनेक प्रतिमा दृश्यसौंदर्यासाठी योजल्या असणे शक्य आहे. प्रत्येक पिसाला आणि प्रत्येक बाणाला सिद्धान्त चिकटविणे हा रसिकतेचा अतिरेक ठरेल. तथापि, गीत आणि प्रतिमा परस्परांना छेदत नाहीत, हे निश्चित. आपले अंतरंग उघड केल्यावर लोक काय म्हणतील, ही गीतातील निवेदकाची भीती आहे. उघड झालेल्यांचे लोक काय करतात, हे चित्रफीत दाखविते. म्हणून हिला धर्मविरोधी म्हणण्यापेक्षा श्रद्धेच्या नावाने जमणाऱ्या गर्दीविषयीची साशंक कलाकृती म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. येथे बाण लागलेला आणि खुराड्यात कोंडला गेलेला, असे दोघेही अखेर धर्मकथांतीलच आहेत, आणि दिग्दर्शकाची सहानुभूती त्यांच्याच बाजूला आहे.

आर.ई.एम.ने २०११ साली विसर्जनाची घोषणा केली. तरसेम यांनी पुढे ‘द सेल’ (२०००) आणि ‘द फॉल’ (२००६) हे चित्रपट दिग्दर्शित केले. त्यांच्या प्रतिमाशैलीचा उगम शोधू पाहणाऱ्या अभ्यासकाने या चित्रफितीपासून आरंभ करणे सोयीचे होईल.