दालीचा हेल

मंडळी, आज आपण साल्वादोर दालीच्या चित्रांकडे बघणार नाही, त्याचं बोलणं ऐकणार आहोत. निमित्त आहे २०२२ सालच्या ‘दालीलँड’ या चित्रपटाचं. दिग्दर्शन मेरी हॅरन यांचं, आणि १९७४ च्या न्यूयॉर्कमधला सत्तरीचा दाली रंगवलाय बेन किंग्जली यांनी.

किंग्जली आपल्याला परके नाहीत. १९८२ च्या ‘गांधी’त रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा होत्या, डॉ. श्रीराम लागू गोखले होते, आणि गांधीजी होते किंग्जली. वडील गुजराती वंशाचे, जन्म मात्र यॉर्कशायरमधला. तेव्हाही अडचण हेलाचीच होती. लंडनला बॅरिस्टर झालेल्या काठियावाडी माणसाचं इंग्रजी कसं बोलायचं? पण गांधीजींचा हेल अंगचा होता, त्यांनी तो मुद्दाम काढलेला नव्हता. दालीच्या बाबतीत असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि नटाची पंचाईत नेमकी इथे होते.

१९५७ साली दाली ‘व्हॉट्स माय लाइन’ या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमात गेला होता. डोळे बांधलेल्या मंडळींनी प्रश्न विचारून पाहुणा ओळखायचा, असा तो खेळ. ओळखू येऊ नये म्हणून कित्येक पाहुणे आवाज बदलायचे. दालीने वेगळाच घोळ घातला. जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला याचं उत्तर ‘येस’! शेवटी सूत्रसंचालकाला मध्ये पडावं लागलं. त्याच्या इतर मुलाखती ऐका: घोळवलेला ‘र’, तोडून तोडून फेकलेले शब्द, मध्येच फ्रेंच, आणि स्वतःचा उल्लेख ‘दाली’ असा, जणू तिसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय. हा माणूस १९४० ते १९४८ अशी आठ वर्षं अमेरिकेत राहिलेला होता, हे लक्षात घ्या. आमचं मत विचाराल तर त्याने हा हेल मिशीसारखाच जोपासला होता.

मग नटाने करायचं काय? हुबेहूब केलं तर नक्कल वाटते, सौम्य केलं तर दाली उरत नाही. आपल्याकडे मालवणी हेल कानावर पडला की विनोद व्हायच्या आधीच प्रेक्षक हसतात ना, तसंच हे. आणि हसू आलं की त्या माणसाची भीती, त्याचं म्हातारपण, गालावरचं त्याचं अवलंबून असणं, सगळं झाकलं जातं. ‘दालीलँड’चा विषय तर नेमका तोच आहे.

याच्या तळाशी भाषेचा इतिहास आहे. दाली १९०४ साली कातालोनियातल्या फिगेरेसला जन्मला, मातृभाषा कातालान. गाला रशियन, त्यामुळे नवरा-बायकोची भाषा फ्रेंच. १९३९ नंतर फ्रँकोच्या राजवटीने कातालानला शाळांतून, कचेऱ्यांतून हद्दपार केलं, आणि त्याच फ्रँकोचं दालीने जाहीर कौतुक केलं. हे आम्हांला अजूनही नीट पचत नाही.

आता २००८ चा ‘लिटल ॲशेस’ घ्या. रॉबर्ट पॅटिन्सनने त्यात तरुण दाली केलाय. माद्रिदचं विद्यार्थी वसतिगृह, सोबत कवी लोर्का आणि पुढे चित्रपट दिग्दर्शक झालेला बुन्युएल. आणि हे सगळे एकमेकांशी स्पॅनिश हेलातलं इंग्रजी बोलतात! अहो, हेल ऐकणाऱ्याला परका वाटतो तेव्हाच तो हेल. माद्रिदमध्ये खरा फरक वेगळाच होता. लोर्का आंदालुसियाचा, बुन्युएल आरागोनचा, दाली कातालान. तिघांचं स्पॅनिश तीन तऱ्हेचं असणार. इंग्रजीत हे आणणार कसं? पॅटिन्सनला दोष देण्यात अर्थ नाही, पटकथेची भाषा ठरली तेव्हाच ते हातचं गेलं होतं.

१९४८ नंतर दाली वर्षातले बरेच महिने पोर्तलिगातला असायचा. समुद्रकाठचं घर, कोळ्यांच्या झोपड्या एकेक विकत घेऊन जोडलेलं. शेजारच्या कोळ्यांशी तो कातालानमध्ये बोलायचा. तिथे त्याचं बोलणं परकं म्हणून कुणी ऐकत नव्हतं. इंग्रजी चित्रपटातल्या नटाला तो दाली कुठल्या हेलात बोलायला लावणार?